गप्प चॅलेंज

त्या वर्षी नववी 'ब' माझ्याकडे आली तेव्हा निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि घसा वरचेवर बसायला लागला होता. आमची शाळा कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली, मराठी माध्यमाची. वर्गात बासष्ट मुलं. निम्मी शहरातली, निम्मी पंचगंगेपलीकडच्या गावांतून एसटीनं येणारी. शिकवून मी कधी दमले नाही. दमायला व्हायचं ते बाकीच्या कामांनी. सोमवारी आधारची माहिती भरा, मंगळवारी जंताच्या गोळ्या वाटा, बुधवारी कुठल्यातरी दिनाची शपथ घ्या आणि तिचा फोटो वर पाठवा. फोटो गेला नाही तर शपथ घेतलीच नाही असं धरलं जायचं. संध्याकाळी घरी आले की पर्स खांद्यालाच ठेवून मी खुर्चीत बसायची. आमचे हे आतून विचारायचे, "चहा ठेवू का?" हो म्हणायचाही कंटाळा यायचा.

अशातच ऑगस्टमध्ये पालकांच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज फिरायला लागला. कुणीतरी बाई रडवेल्या सुरात सांगत होती की पोरांच्या मोबाइलवर एक खेळ आलाय. अनोळखी नंबरवरून नुसतं 'गप्प' एवढाच मेसेज येतो. तो आला की मनगटावर सात आकडा काढायचा आणि रोज एक कमी करत जायचं. रोज एका माणसाशी बोलणं बंद करायचं. पहिल्या दिवशी शेजारी, दुसऱ्या दिवशी मैत्रीण, मग भाऊबहीण, असं करत सातव्या दिवशी कुणाशीच बोलायचं नाही. मोबाइल घरात ठेवायचा आणि न सांगता बाहेर पडायचं. मध्येच सोडलं तर आईला काहीतरी होतं. इचलकरंजीतली एक मुलगी अशी गेली ती अजून सापडली नाही.

दोन दिवसांनी शेजारच्या वहिनींनी तीच गोष्ट मला जिन्यात सांगितली. त्यांच्या सांगण्यात मुलगी पेठ वडगावची होती आणि त्यांच्या नणंदेच्या शेजारणीची भाची लागत होती. रविवारी निपाणीहून माझ्या बहिणीचा फोन आला. तिच्याकडे ती मुलगी बेळगावची झाली होती. प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ती ओळखीची होती. तिला स्वतः ओळखणारं मात्र मला कुणी भेटलं नाही. हे मला तेव्हाच कळलं होतं. कळून उपयोग काही झाला नाही.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर वरून आलेलं पत्र होतं, मुलांमध्ये जागृती करण्याबद्दलचं.

"बाई, उद्या परिपाठाला तुम्हीच बोला. तुमचं ऐकतात पोरं."

"सर, असलं काही खरं आहे का, ते तरी बघूया."

"खरं असू दे नाहीतर खोटं. बोललो नाही म्हणून उद्या कोण विचारायला नको. आणि फोटो तेवढा काढून घ्या."

मी हो म्हटलं. वाद घालायला बळ लागतं, आणि ते मी सहाव्या तासासाठी राखून ठेवलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी पटांगणात सगळी शाळा रांगेनं बसली होती. मी सुरुवात नेहमीसारखी केली. मोबाइलचा अतिवापर, अनोळखी नंबर, आईवडिलांशी संवाद. पाचव्या मिनिटाला मागच्या रांगांत चुळबूळ सुरू झाली. एक मुलगा पुढच्याच्या पाठीवर बोटानं काहीतरी लिहीत होता. तीस वर्षं मी मराठी शिकवलंय. ऐकणारा कधी निसटतो ते मला पाठ फिरवूनही दिसतं. म्हणून मी उपदेश सोडला आणि गोष्ट सांगायला घेतली.

"एक मुलगी होती. तुमच्याच वयाची. एक दिवस तिच्या मोबाइलवर एकच शब्द आला."

चुळबूळ थांबली. पुढं मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण सात, सहा, पाच असं करत मी त्यांना खाली खाली नेलं, आणि सातशे पोरं श्वास धरून ऐकत होती. कविता शिकवताना इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. शेवटाशी आले तेव्हा लहान मुलांचे चेहरे बघून वाटलं, मुलगी सापडलीच नाही असं कसं सांगायचं. म्हणून शेवट मी मनानं केला. सातव्या दिवशी ती डोंगरावर जाऊन बसली, सांगितलं मी. आणि मग सगळं गाव तिला शोधायला निघालं. ज्यांच्याशी तिनं बोलणं टाकलं होतं ते सगळे, शेजारी, मैत्रिणी, भाऊ. बाप तिचं नाव घेऊन हाका मारत होता, आई अनवाणी पळत होती. ती दिसली तशी आईनं तिला पोटाशी धरलं. "तेव्हा मुलांनो," मी म्हटलं, "आपल्या माणसांना असा त्रास देऊ नका."

फोटो छान आला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, रडवलंत की."

चौथ्या दिवशी खेळाच्या शिक्षकांनी सगळ्यांना हात पुढं करायला लावले. आठवी-नववीच्या पन्नासेक मुलांच्या मनगटांवर आकडे होते. कुणाचा पाच, कुणाचा चार. कुणाच्याही मोबाइलवर मेसेज आलेला नव्हता. मेसेजची वाट बघत कोण बसणार, त्यांनी आपापलं सुरू केलं होतं आणि नावही ठेवलं होतं, 'गप्प चॅलेंज'. एका मुलानं पहिल्या दिवशी काकूशी बोलणं टाकलं होतं आणि तो म्हणाला, "सर, लई बरं गेलं." दोघी मैत्रिणी एकमेकींशी बोलायचं नाही म्हणून चिठ्ठ्या लिहीत होत्या. शिक्षकांनी सगळ्यांना नळावर नेऊन हात धुवायला लावले. शिक्षकखोलीत आम्ही हसलो. वर्ग तीन दिवस शांत होता, ते आमच्यातल्या कुणाला वाईट वाटलं नव्हतं.

मला त्यांचा राग आला नाही. मी सातवीत असताना आमच्या दारात एक चिठ्ठी पडली होती. देवाची चिठ्ठी, हिच्या अकरा प्रती करून वाटा, नाहीतर तेरा दिवसांत घरात अघटित घडेल. अमक्या गावच्या माणसानं फाडून टाकली तर त्याचा बैल मेला, असं खाली लिहिलं होतं. मी वहीची पानं फाडून सहा प्रती केल्या आणि गल्लीतल्या दारांच्या फटींतून सरकवल्या. सातवी लिहिताना वडिलांनी पकडलं. ते सरकारी कचेरीत कारकून, देवधर्म फारसा न मानणारे. त्यांनी सगळे कागद काढून घेतले आणि मला झोपायला पाठवलं. सकाळी त्यांच्या कोटाच्या खिशातून रुमाल काढायला गेले तर आत घडी घातलेल्या पाच चिठ्ठ्या होत्या, त्यांच्या वळणदार अक्षरातल्या. त्या त्यांनी कुठं टाकल्या ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. त्या काळी चिठ्ठी दारात पडायची, आता हातात पडते. भीती तीच आहे, आणि ती पुढं ढकलून मोकळं व्हायची घाईही तीच.

आठवड्याभरात आकड्यांचा विषय संपला. मुलं कुठल्याशा नाचाच्या मागे लागली. मीही परीक्षेच्या पेपरांत बुडाले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी, पाचवा तास सुटताना, शिपाई मला बोलवायला आला. कार्यालयातला फोन होता आणि मुख्याध्यापक पंचायत समितीत गेले होते.

"शाळा का?" पलीकडून बाईचा मोठा आवाज आला. "मी जोतिबावरनं बोलतोय. माझं गुलाल-खोबऱ्याचं दुकान हाय पायरीला. तुमची एक पोरगी सकाळधरनं हितं बसलीया. च्या पाजलाय, पन इचारलं तर बोलंना झालीया. मुकी हाय का काय म्हनून गळ्यातलं कार्ड बघितलं, त्येच्यावर ह्यो नंबर हाय."

"नाव काय आहे कार्डावर?"

तिनं नाव वाचून दाखवलं. माझ्याच वर्गातली मुलगी. सकाळी हजेरी घेताना तिच्या नावापुढं मी गैरहजरीची फुली मारली होती आणि पुढच्या नावावर गेले होते.

तिचा चेहरा आठवायला मला क्षणभर लागला, हे लिहायला अजून जड जातं. तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसणारी, पेपरात पन्नास-पंचावन्न गुण, कधी तक्रार नाही, कधी बक्षीस नाही. हजेरीला ती अलीकडे तोंडानं 'हजर' म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. ते मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावला नव्हता.

तिच्या वडिलांना फोन लावला. चार वेळा वाजून बंद झाला, पाचव्या वेळी उचलला. गावातलं दूध गोळा करून ते गाडीनं शहरातल्या दूध संघात पोचवायचे. मी सांगितलं तर म्हणाले, "आमची? आमची शाळंत हाय की बाई."

"शाळेत आली नाही आज. आम्हाला वाटलं घरी आहे."

पलीकडं कॅनांचा आवाज झाला. मग ते म्हणाले, "मी हितं कोल्हापुरातच हाय. गाडी घिऊन येतो."

वीस मिनिटांत त्यांची छोटी टेम्पोगाडी शाळेच्या दारात आली. मी त्यांच्या शेजारी बसले. मागं रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते. पंचगंगेचा पूल ओलांडून गाडी चढाला लागली. माझ्या मनात नको ते विचार येत होते. पण ती नुसती बसून आहे, त्या दुकानदारीणबाईनं तिला चहा पाजलाय, एवढंच मी धरून ठेवलं होतं.

"घरात काही झालं होतं का?" मी विचारलं.

"काय न्हाय बाई. अकरा माणसं हाईत घरात. आठ म्हशी. सकाळी चारला जो त्यो उठतोय आन् कामाला लागतोय. भांडान न्हाय, काय न्हाय."

"आठवड्यात तुमच्याशी काय बोलली ती शेवटचं?"

ते विचार करायला लागले. वळणावर त्यांनी गाडी हळू केली. "परवा पेन मागितलं... न्हाय, ती थोरल्या भावाची पोरगी." मग त्यांनी गिअर बदलला. "गणपतीत मिरवणुकीला येऊ का म्हनली हुती." गणपती जाऊन दिवस झाले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बाई, ती बोलत न्हाई हे मला कळलंच न्हाई."

"मलाही नाही," मी म्हटलं.

वर पोचलो तेव्हा साडेचार झाले असतील. रविवार नव्हता, गर्दी बेताची होती. दुकानाच्या ओट्याला टेकून ती बसली होती. दप्तर मांडीवर, गणवेशाच्या बाहीवर गुलाल. दुकानदारीण साठीची होती, तळहात गुलालानं कायमचे रंगलेले. आम्हाला बघून म्हणाली, "या पावणं. हीच नव्हं का? दोन येळा भाकरी दिली, खाल्ली गुमान. मारू नगा बरं का."

वडिलांनी मारलं नाही. ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि नुसते बघत राहिले. मी तिच्या शेजारी पायरीवर टेकले. गुडघे दुखत होते. तिची बाही जरा वर सरकली होती आणि मनगटावर निळ्या पेनानं काढलेला एकाचा आकडा होता.

"का गं आलीस?" मी विचारलं.

तिनं बाही खाली ओढली. मग बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, सातव्या दिवशी सगळी शोधायला येत्यात, तुम्ही सांगितलंत. कोण येतंय बघायचं हुतं."

व्हॉइस मेसेजमध्ये कुणीच शोधायला येत नव्हतं. वहिनींच्या गोष्टीत नाही, बहिणीच्या नाही. ते गाव, त्या हाका, ती अनवाणी आई, डोंगर, सगळं मी घातलेलं होतं. पोरांनी रडू नये म्हणून.

"मग? कसं केलंस सगळं?"

"रोज एकाशी बंद केलं. शेजारची आजी. मग बाकावरची." तिनं बोटं दुमडून मोजली. "बाई, माझी मान्सं चौथ्या दिवशीच संपली."

वडील उठून चार पावलं पलीकडं गेले आणि देवळाच्या शिखराकडे तोंड करून उभे राहिले. दुकानदारीण आमच्याकडं पाठ करून नारळ रचत होती. ती सगळं ऐकत होती आणि न ऐकल्यासारखं करत होती, हे तिचे मोठे उपकार.

"आई आली न्हाई?" मुलीनं विचारलं.

वडिलांनी वळून उत्तर दिलं, "तिला सांगितलंच न्हाई अजून. घाबरंल म्हनून." मग त्यांनाच काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला. "अगं, पोरीला घिऊन जोतिबाला आलोय. व्हय, आत्ता. काय न्हाय, बोल तिच्यासंगं." आणि फोन तिच्या कानाला लावला. पलीकडून आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मुलगी पहिल्यांदा नुसती ऐकत राहिली, मग म्हणाली, "व्हय. जेवलो." थोड्या वेळानं पुन्हा, "आलो, आलो." आमच्याकडच्या पोरी स्वतःबद्दल आलो-गेलो असंच बोलतात, शहाण्या मराठीत ते मी वर्षभर दुरुस्त करत असायची. त्या दिवशी त्या एका 'आलो'नं माझा जीव भांड्यात पडला.

ती देवदर्शनाला आत गेली तेव्हा मी वडिलांना सांगून टाकलं. म्हटलं, "ही गोष्ट मीच सांगितली होती शाळेत. शेवट माझा होता. चूक माझी आहे."

त्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "गोष्ट तुमची आसंल बाई. पोरगी माझी हाय की."

याच्यापेक्षा ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मुख्याध्यापकांना दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. त्यांनी दार लोटून घेतलं. "पोरगी सुखरूप आहे ना? मग झालं. लेखी काही देऊ नका." मी दिलं नाही. दमलेल्या माणसाला सोयीची गोष्ट पटकन पटते. तेवढं मी केलं की तिला बाकावरून उठवून पुढं, माझ्या टेबलासमोर बसवलं आणि रोज तिच्याशी एक तरी वाक्य बोलायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात ते ठरवून केल्यासारखं वाटायचं, तिलाही आणि मलाही. "डबा काय आणलास?" "भाजी-भाकरी." "कसली?" "दोडका." एवढंच. तिची आई पालकसभेला आली, तेव्हा दोन तास मागं बसून राहिली आणि जाताना म्हणाली, "लई गप असती हो ती, लहानपनापासनं. आमी म्हनायचो, गुणाची हाय."

दिवाळीनंतर निपाणीहून बहिणीचा पुन्हा फोन आला. तिच्या ग्रुपवर नवीन गोष्ट आली होती. कोल्हापूरची एक मुलगी मोबाइलच्या खेळापायी जोतिबाच्या डोंगरावर गेली, तीन दिवस अन्नपाण्याविना बसली, आणि दुकानदारीणबाईच्या रूपानं यमाईदेवीनंच तिला वाचवलं म्हणे. "तुमच्याच भागातली आहे," बहीण म्हणाली, "तुला काही माहिती आहे का?" मला नाही म्हणवलं नाही आणि हो म्हणवलं नाही. मी म्हटलं, "तीन दिवस नव्हे गं, एकच दिवस होता. आणि तिनं दोन वेळा भाकरी खाल्ली होती." बहिणीला ते फारसं आवडलं नाही. तिनं विषय बदलला.

त्यानंतर अशी पत्रं आणखी दोनदा आली, वेगळ्या खेळांची. मी मुख्याध्यापकांना सांगितलं की मी बोलणार नाही. त्यांनी विज्ञानाच्या नवीन सरांना सांगितलं. सरांनी पडद्यावर चित्रं दाखवून नीरस माहिती दिली, मुलं जांभया देत होती, आणि मला वाटलं, ठीक आहे.

मी निवृत्त झाले त्याला आता वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात रंकाळ्याच्या बसथांब्यावर ती भेटली. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. परिचारिकेच्या कोर्सला आहे, वसतिगृहात राहते. उंच झालीय. बोलते अजून कमीच, पण समोर बघून बोलते.

"बाई, आता काय करता?"

"काही नाही गं. बसते घरी. घसा बरा आहे, पण यांच्याशिवाय बोलायला कुणी नाही."

ती हसली. तिनं माझा नंबर मागितला, मी दिला. बस आली तशी ती चढून गेली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता तिचा मेसेज येतो. गुलाबाचं चित्र, त्यावर सुविचार, कुठून तरी पुढं पाठवलेला. असले मेसेज दिवसाला वीस येतात आणि मी ते न वाचता पुसते. तिच्या मेसेजला मात्र उत्तर लिहिते. कधीकधी दुपार होते, पण लिहिते.